आमची वाटचाल: गुण कुणाला आणि कशाचे

निफाड तालुक्यात आमची माती, पाणी आणि देठ परीक्षणाची (म्हणजे पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासण्याची) छोटी प्रयोगशाळा आहे. तिच्याभोवती द्राक्ष बागायतदारांचा मोबाइल गट उभा राहिला. त्यात बागेची माहिती टाकणाऱ्याला गुण मिळतात, आणि 50 गुण जमले की एक देठ परीक्षण मोफत.

पहिल्या हंगामात प्रत्येक संदेशाला एक गुण ठेवला होता. गट राम राम आणि शुभ सकाळने भरून गेला. दुसऱ्या हंगामात गुण फक्त उत्तराला ठेवले, तर फोटो नीट न बघताच दोन मिनिटांत औषधाचं नाव सांगायची शर्यत लागली. डाऊनी या बुरशीच्या रोगात पानावर वरून तेलकट पिवळा डाग दिसतो आणि पांढरी बुरशी खालून असते. भुरी या दुसऱ्या रोगाची राखेसारखी भुकटी बोटाला लागते. नुसत्या वरच्या फोटोवर निदान करायचं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आता फोटोंना 2 गुण मिळतात, पण संच पूर्ण हवा: पान वरून, पान खालून, पूर्ण वेल, आणि सोबत छाटणीची तारीख. उत्तराचे 5 गुण आठ दिवस राखून ठेवतो. विचारणाऱ्याने त्याच वेलीचा पुन्हा फोटो टाकायचा, म्हणून पहिल्याच दिवशी वेलीला लाल फीत बांधायची. फवारलं काय, लिटरला मात्रा किती, एकरी पाणी किती, हेही लिहायचं. या पाठपुराव्यालाही 5 गुण, उत्तराइतकेच. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर प्रश्नाला मिळालेल्या मताचे 5 आणि उत्तराच्या मताचे 10 गुण असत, 2019 मध्ये दोन्ही सारखे केले. आम्हाला तो हिशेब पटतो, कारण निकाल कळला नाही तर उत्तर नुसतं मत राहतं.

सर्वांत जास्त, 8 गुण, चूक दाखवणाऱ्याला. कुणी काढणीच्या तोंडावर सुचवलेल्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, उरलेलाच नाही, हे वेळेत सांगितलं तर निर्यातीचा माल वाचतो. आमचीच चूक दाखवली तरी गुण तेवढेच.

ज्येष्ठ बागायतदार बोलून पाठवतात. ते लिहून काढणाऱ्याला 3 गुण, नाहीतर पुढच्या छाटणीला काहीच सापडत नाही. ज्येष्ठांना मात्र गुणांत रस नसतो. त्यांच्या बागेत शिवारफेरी नेतो, तो मान त्यांना पुरतो.

बक्षीस औषधावरच्या सवलतीचं नको, हे आधीच ठरवलं होतं. नाहीतर प्रत्येक उत्तर फवारणीवरच येऊन थांबलं असतं. देठाचा नमुना खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर) 45व्या दिवशी, काडीच्या बुडापासून पाचव्या पानाचा हवा. दिवस चुकलेला नमुना घेत नाही. गुण तसेच शिल्लक राहतात.

अजून अडतं ते ‘काही दिसलं नाही’ या निरोपापाशी. दव पडूनही रोग नाही, ही माहिती शेजारच्या बागेची एक फवारणी वाचवते, पण ती न बघता ठोकून देणंही सोपं. सध्या सकाळी दवात भिजलेल्या पाच पानांच्या खालच्या बाजूचे फोटो मागतो आणि 1 गुण देतो.