एकदाच काढलेली रेघ

रविवार, रात्र

ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, १९८२ च्या डिसेंबरात आलं. तेव्हापासून दर आवृत्तीत नव्या सोयी येत राहिल्या. त्यांतल्या मला मनापासून आवडणाऱ्यांचं सूत्र एकच: जे एकदा काढलं ते पुन्हा काढावं लागू नये.

पहिला मान एक्सरेफचा, म्हणजे एक फाइल दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये नुसती जोडून दाखवण्याच्या सोयीचा. १९९० च्या रिलीज ११ मध्ये ही सोय आली. कॉलम ग्रिडची (खांबांच्या जागा दाखवणाऱ्या रेघांची) एकच फाइल ठेवायची आणि ती प्रत्येक मजल्याच्या प्लॅनमध्ये ०,०,० वर, स्केल १ ने जोडायची. एक कॉलम सरकला की सगळे मजले आपोआप सुधारतात. मात्र ती ‘अटॅच’ न करता ‘ओव्हरले’ करावी. अटॅच केलेली फाइल पुढच्या फाइलमध्येही शिरते. मग आर्किटेक्टच्या प्लॅनमध्ये स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि स्ट्रक्चरलमध्ये तोच प्लॅन असा फेरा होतो, किंवा ग्रिड दोनदा दिसतं. दुसरी खोट युनिटची. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये काढलं, पण त्या फाइलचं इन्सयुनिट्स (एकक ठरवणारं सेटिंग) इंचावर राहिलं, तर मिलिमीटरच्या प्लॅनमध्ये जोडताना सगळं २५.४ पट होतं आणि २३० ची भिंत ५८४२ भरते. अशा वेळी स्केल कमांडने जुळवून घेऊ नये. मूळ फाइलचं युनिट बदलावं आणि ती रिलोड करावी. पाथ (जोडलेल्या फाइलचा पत्ता) रिलेटिव्ह ठेवावा आणि पाठवताना ईट्रान्समिट (जोडलेल्या फाइली एकत्र बांधून देणारी कमांड) वापरावं, म्हणजे समोरच्याला रिकामी शीट मिळत नाही.

पेपर स्पेस, म्हणजे छापायच्या शीटची मांडणी करायची जागा, हीही त्याच रिलीजमधली. मिलिमीटरच्या मॉडेलला (मूळ ड्रॉइंगला) १:१०० साठी झूम ०.०१एक्सपी, म्हणजे कागदाच्या ०.०१ पट, मीटरच्या मॉडेलला १०एक्सपी. स्केल बसलं की व्ह्यूपोर्ट (शीटवर मॉडेल दाखवणारी खिडकी) लगेच लॉक करावा. माउसचं चाक चुकून फिरलं तरी स्केल जातं, आणि ते छापलेल्या शीटवर पट्टी ठेवेपर्यंत कळत नाही.

२००६ च्या आवृत्तीत डायनॅमिक ब्लॉक, म्हणजे माप बदलता येणारी तयार चित्रं, आले. दाराचा एकच ब्लॉक करायचा, त्याला लिनिअर पॅरामीटर (लांबीचं बदलतं माप) लावायचा आणि ७५०, ९००, १००० अशी यादी द्यायची. चौकटीला स्ट्रेच, पाखं आणि दार फिरण्याच्या कंसाला स्केल, उघडण्याच्या बाजूसाठी फ्लिप. स्ट्रेचच्या खिडकीत सरकणारी चौकट पूर्ण यायला हवी. अर्धी आली तर ती सरकण्याऐवजी ताणली जाते आणि ७५ ची चौकट भलतीच रुंद होते. आणखी एक गोष्ट: माप बदललेल्या ब्लॉकला आतून *यू ने सुरू होणारं नाव मिळतं. म्हणून साध्या नावावर मोजणाऱ्या जुन्या लिस्पमध्ये (ऑटोकॅडसाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) दारं कमी भरतात. तिथे ‘इफेक्टिव्ह नेम’, म्हणजे ब्लॉकचं मूळ नाव, वाचायला हवं.

त्याआधी, २००५ च्या आवृत्तीत आलेलं फील्ड (ड्रॉइंगमधून आकडा वाचणारा मजकूर) फारच कमी लोक वापरतात, याची खंत वाटते. महापालिकेला द्यायच्या नकाशात एफएसआयचं (चटईक्षेत्र निर्देशांकाचं) क्षेत्रफळ हाताने लिहिलेलं असलं की हमखास घोळ होतो: भिंत सरकते, आकडा जुनाच राहतो. त्याऐवजी बंद पॉलिलाइन (सलग जोडलेली रेघ) काढावी, टेक्स्टमध्ये फील्ड घालून ती पॉलिलाइन निवडावी, एरिया घ्यावा आणि कन्व्हर्जन फॅक्टर ०.०००००१ द्यावा, म्हणजे चौरस मिलिमीटरचे चौरस मीटर होतात. रेघ हलवल्यावर आकडा लगेच बदलत नाही. रीजेन (ड्रॉइंग पुन्हा रेखाटण्याची कमांड) केल्यावर बदलतो. #### दिसलं तर मूळ पॉलिलाइन पुसली गेली आहे असं समजावं. टेक्स्ट एक्सप्लोड केला, म्हणजे फोडून सुटा केला, की फील्ड मरतं आणि उरतो तो साधा आकडा, जो तपासताना खरा वाटतो. हा धोका सगळ्यांत मोठा.

२००८ च्या अ‍ॅनोटेटिव्ह टेक्स्टवर, म्हणजे स्केलप्रमाणे आपली उंची जुळवणाऱ्या अक्षरांवर, मात्र मन पूर्ण बसत नाही. २.५ मिमीचा टेक्स्ट १:५० आणि १:१०० दोन्हींत तेवढाच छापला जातो, हे खरंच सुंदर आहे. पण अ‍ॅनोऑटोस्केल (नवं स्केल आपोआप जोडणारं सेटिंग) चालू राहिलं तर प्रत्येक टेक्स्टला नको ती स्केलं चिकटत जातात आणि एकाच नोंदीच्या तीन जागा होतात. ज्या ड्रॉइंगचं स्केल एकच, १:१००, आहे, तिथे साधा २५० उंचीचा टेक्स्ट पुरतो.