तुम्ही विचारलंत म्हणून: एडीडी आहे आणि नोकरी अकाउंट्समध्ये

हा प्रश्न वारंवार येतो (एडीडी म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाण्याची अवस्था, हल्ली तिला एडीएचडी म्हणतात): 'मला एडीडी आहे. काम दिवसभर बिलं एन्टर करायचं आणि बँक स्टेटमेंट जुळवायचं. चुका होतात, बोलणी बसतात. घराचा हप्ता चालू आहे, नोकरी लगेच सोडता येत नाही. काय करू?'

'जरा लक्ष देऊन काम कर' हे तुम्ही शाळेपासून ऐकत आला असाल. तो सल्ला बाजूला ठेवा. तुम्ही आळशी नाही. एडीडीमध्ये तोचतोचपणा असलेल्या कामावर लक्ष टिकवणं आणि तीन-चार गोष्टी एकदम डोक्यात धरून ठेवणं अवघड जातं. पार्टीचं नाव, बिल नंबर, रक्कम, कराचा दर एवढं डोक्यात असताना फोन वाजला की त्यातलं एखादं निसटतंच. म्हणून कष्ट घ्यायचेच तर चूक त्याच दिवशी सापडेल अशी सोय करण्यावर घ्या.

बिलांचे वीस-वीसचे गठ्ठे करा. एन्ट्रीला हात लावण्याआधी कॅल्क्युलेटरवर वीस बिलांची बेरीज मारून गठ्ठ्यावर चिठ्ठी लावा. एन्ट्री झाली की टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) तेवढ्याच व्हाउचरांची, म्हणजे नोंदींची, बेरीज बघा. जुळली तर पुढचा गठ्ठा. नाही जुळली तर वीसच बिलं चाळायची आहेत, अख्खा महिना नाही. फरक नेमका एखाद्या बिलाएवढा असेल तर ते बिल राहिलंय किंवा दोनदा पडलंय. तसं नसेल तर फरकाला 9 ने भागा. भाग पूर्ण गेला तर बहुतेक वेळा शेजारचे दोन आकडे उलटे पडलेले असतात: 5,640 च्या जागी 5,460, फरक 180. ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाजूंचा ताळा) किंवा बँक जुळत नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. ती एन्ट्री उलट्या बाजूला गेलेली असू शकते.

बेरजेत चुकीचं लेजर (खातं), चुकीची तारीख किंवा जीएसटी नंबर सापडत नाही. त्यासाठी दुसरी नजर लागते, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी. एन्ट्री केल्या केल्या तपासलं तर जे टाकायचं होतं तेच डोळ्यांना दिसतं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. तो सलग वाचू नका, तोडून वाचा: पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढची दहा अक्षरं पॅनची, मग उरलेली तीन. नवी पार्टी असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून नाव पडताळून घ्या.

एन्ट्री अर्धी असताना कुणी हाक मारली तर? टॅलीप्राइममध्ये (टॅलीच्या नव्या आवृत्तीत) कंट्रोल-एल दाबलं की व्हाउचर ऑप्शनल होतं. ते सेव्ह होतं, पण हिशोबात धरलं जात नाही. नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या शेऱ्यात) 'दर बघायचा राहिला' एवढं लिहा आणि उठा. यातला धोका एकच: ही व्हाउचरं तशीच राहून जातात. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करण्याआधी ऑप्शनल व्हाउचरांची यादी रिकामी करायचीच.

आता तारखा. टीडीएस (कापून घेतलेला कर) 7 ला, महिन्याचं जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) 11 ला, पीएफ 15 ला, जीएसटीआर-3बी (कर भरण्याचं विवरणपत्र) 20 ला. एडीडी असलेल्या माणसाला 20 तारीख 18 ला जाणवायला लागते. स्वतःला 'माझ्यासाठी शेवटची तारीख 15' असं सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण ती खोटी आहे हे तुम्हालाच माहीत असतं. समोर वाट बघणारा माणूस असला की फरक पडतो. सीएंच्या ऑफिसला कळवून टाका की सेल्स रजिस्टर 8 तारखेला दुपारपर्यंत पाठवतो, मग विचारणा तिकडून येते. मोबाइलच्या रिमाइंडरमध्ये 'जीएसटी' एवढंच लिहिलं तर तो बोटाने सरकवला जातो. 'पहिल्या आठवड्याची विक्री प्रिंट कर' असं पहिलं पाऊल लिहा.

बँकेची जुळवणी महिनाअखेरपर्यंत साठवू नका. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, शक्यतो शेजारी कुणी आपलं काम करत बसलेलं असताना. त्याने मदत करायची गरज नाही, नुसतं बसलं तरी पुष्कळांचं काम पुढे सरकतं.

साहेबांना सांगावं का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे त्या कायद्याच्या बळावर सवलत मागणं अवघड आहे. माझ्या मते आजाराचं नाव न घेता गरज मागावी: 'सर, तोंडी सांगितलेलं मी मेलवर लिहून पाठवतो, बरोबर आहे का तेवढं बघाल?' याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

याहून मोठा फरक कामांची अदलाबदल केल्याने पडतो. अकाउंट्समधलं सगळंच काम एका जातीचं नसतं. उधारी वसुलीचे फोन, व्हेंडरशी वाद मिटवणं, ऑडिटरच्या शंका, अडकलेलं पेमेंट सोडवणं यात घाई असते, समोर माणूस असतो, दर वेळी प्रश्न नवा असतो. एडीडी असलेली अनेक माणसं इथे चमकतात, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला नेमकं हेच नको असतं. त्याने बँकेची जुळवणी घ्यावी, तुम्ही वसुली. आधी महिनाभर आपापसात करून बघा, मग साहेबांपुढे वसूल झालेल्या रकमेचा आकडा ठेवा.

निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्या. औषधही त्यांच्याच सल्ल्याने. औषधाने बसून राहणं सोपं होतं, काम आवडायला लागत नाही.

आणि राजीनामा. तो 1 ते 20 तारखेच्या धामधुमीत देऊ नका. तेव्हाचा संताप खरा असला तरी निर्णयाची वेळ ती नव्हे. तीन महिने रोज एक ओळ लिहा: आज कोणतं काम अडलं, कोणतं सहज झालं. अडलेल्यांत एन्ट्री आणि जुळवणीच असेल तर क्रेडिट कंट्रोल (उधारीवर लक्ष ठेवणं), सॉफ्टवेअर सपोर्ट, टॅलीचं ट्रेनिंग अशा जागा शोधा. तुमचा अनुभव तिथे चालतो. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: दिवसाला एन्ट्री किती, तपासतं कोण, आणि बसायचं कुठे? रिसेप्शनला लागून टेबल असेल तर दुसरी जागा मिळेल का, हे ऑफर लेटर घेण्याआधीच बोलून घ्या.