टाकीवर विश्वास ठेवू नका, बॅरल धुवून बघा

रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन मी माझ्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनचा बॅरल, म्हणजे सिलिंडर, घासत बसलो होतो. फिन्सच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांच्या, मुळाशी तेल आणि मातीचा असा काही थर बसलेला की आधी तो सुतळीसारखा सोलून काढावा लागला, मग ब्रश चालला, आणि हळूहळू अल्युमिनियमच्या अंगात ओतलेले आकडे वर यायला लागले. आधी एक, मग दोन, मग तीन. १२३ सीसी. आणि साइड पॅनलवर मोठ्या झोकात लिहिलंय १७५!

ही यामाहाची डीटी मी १७५ म्हणूनच घेतली होती. देणाऱ्याने १७५ सांगितलं, टाकीवर, पॅनलवर सगळीकडे १७५, त्यामुळे मनात शंकाच आली नाही. कॉम्प्रेशन कमी वाटत होतं म्हणून ६६ एमएमचा पिस्टन आणि रिंगा मागवून ठेवल्या. १२५ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, असतो ५६ एमएम, १७५ चा ६६. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खालीवर जायची लांबी, मात्र दोन्हीची ५० एमएम, त्यामुळे बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी वाटतात आणि एकीचे कपडे दुसरीला बिनदिक्कत होतात. आता बॅरलच १२३ चा म्हटल्यावर तो पिस्टन काय कामाचा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण त्या दिवसापासून जुन्या जपानी ट्रेल बाइकी, म्हणजे रस्त्यावर आणि रानातही चालणाऱ्या गाड्या, बघायची माझी पद्धतच बदलली, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

टाकी आणि साइड पॅनल सगळ्यात शेवटी बघायचं. पन्नास वर्षांत टाकी गंजते, चेपते, बदलली जाते, रंगवली जाते, स्टिकर तर आजही नवे छापून मिळतात. इंजिनचं कास्टिंग, चेसिसवरचे नंबर आणि चाकं सहसा कोणी उगाच बदलत नाही, त्यामुळे बघायला सुरुवात तिथून करायची आणि मग वर यायचं.

आता मुळात या गाड्या आल्या कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की ओळखणं सोपं जातं. ६० च्या दशकात 'स्क्रॅम्बलर' म्हणून जे मिळायचं, म्हणजे होंडाची १९६२ ची सीएल ७२ वगैरे, त्या खरं तर रस्त्यावरच्याच ट्विन सिलिंडर गाड्या, सायलेन्सर वर उचललेले, हँडल रुंद. दिसायला फारच सुंदर, पण चिखलात जड. मग यामाहाने १९६७ च्या टोकियो मोटर शोमध्ये डीटी-१ दाखवली, १९६८ ला विकायला काढली, २४६ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, हलकी, लाइट-इंडिकेटरसकट रस्त्यावर चालणारी आणि खरोखर रानात जाणारी. अमेरिकेत लोक तुटून पडले. त्यानंतर बाकीच्या तिघांना गप्प बसणं शक्यच नव्हतं. सुझुकीची टीएस २५० १९६९ ला आली, कावासाकीची ३५० सीसी एफ५ बिगहॉर्न १९७० ला, आणि होंडाने १९७२ ला एक्सएल २५० काढली ती फोर-स्ट्रोक, सिंगल सिलिंडरला चार व्हॉल्व्ह! त्या काळात चार व्हॉल्व्ह म्हणजे रेसिंगची गोष्ट, ती यांनी रोजच्या वापराच्या गाडीत आणून बसवली. मला आजही ते इंजिन बघितलं की हात लावावासा वाटतो.

तर लांबून फोटो बघताना पहिला प्रश्न, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक. हे बहुतेकांना लगेच कळतं. टू-स्ट्रोकचं हेड म्हणजे वरचं साधं झाकण, मध्ये प्लग, बाकी काही नाही, आणि एक्झॉस्टचं पोट फुगलेलं. फोर-स्ट्रोकला वर कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, मोठा डबा असतो. फोर-स्ट्रोक आणि ७० च्या दशकाची सुरुवात असेल तर बहुतेक वेळा होंडाच निघते, कारण तेव्हा बाकी तिघांच्या ट्रेल बाइकी टू-स्ट्रोकच होत्या. पण उलटं धरून चालू नका हं, होंडाने एमटी १२५ आणि एमटी २५० एल्सिनोर या टू-स्ट्रोक ट्रेल गाड्याही काढल्यात, आणि एमटीला नुसत्या आकारावरून डीटी समजणारे लोक मी पाहिलेत.

टू-स्ट्रोक असेल तर दुसरी नजर कार्ब्युरेटरवर. कार्ब्युरेटर दिसतोय का? सिलिंडरच्या मागे नेहमीच्या जागी असेल तर यामाहा, सुझुकी, नाहीतर कावासाकीची एफ११ किंवा तसली कोणीतरी. पण सिलिंडरच्या मागे काहीच नाही आणि इंजिनचा उजवा भाग चांगलाच बाहेर आलाय असं दिसलं तर थांबा, ती बहुतेक जुन्या घडणीची कावासाकी आहे. यांचं रोटरी डिस्क व्हॉल्व्हचं प्रकरण. क्रँकच्या टोकाला एक पातळ गोल चकती असते, तिचा एक भाग कापलेला, चकती क्रँकबरोबर फिरते आणि तो कापलेला भाग समोर आला की मिश्रण आत जातं, पुढे गेला की वाट बंद. म्हणून कार्ब्युरेटर सिलिंडरला न लावता बाजूच्या कव्हरच्या आत बसवलाय, आणि म्हणून इंजिन रुंद होतं. एफ५, एफ६, एफ७, एफ८, एफ९ सगळ्या अशाच. ते उजवं कव्हर पहिल्यांदा खोलून आतला कार्ब्युरेटर बघाल तेव्हा कळेल किती विचार करून बसवलंय ते, बोटं जायला जागा नाही पण सगळं व्यवस्थित. छोट्या केई १०० ला तर कावासाकीने ही पद्धत शेवटपर्यंत सोडली नाही, आणि ती गाडी २००१ पर्यंत निघत होती.

यामाहामध्येच दोन पिढ्या ओळखायच्या असतील तर कार्ब्युरेटर आणि बॅरलच्या मधली जागा बघा. डीटी-१ पिस्टन पोर्टची, म्हणजे पिस्टनच खालीवर होताना वाट उघडतो-मिटतो. १९७२ च्या डीटी-२ पासून तिथे रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पाकळ्यांची झडप, आला, 'टॉर्क इंडक्शन' म्हणायचे ते त्याला, आणि त्यासाठी मध्ये एक ठोकळा वाढला. पुढचं चाकही सांगतं. डीटी-१ ला पुढे १९ इंच, डीटी-२ ला २१. पहिली एक्सएल २५० सुद्धा पुढे २१ चीच. रिमवर साइज कोरलेली असते, डीआयडी किंवा तकासागो असं बनवणाऱ्याचं नावही असतं, त्यामुळे टेपने मोजत बसायची गरज नाही, ब्रश मारा आणि वाचा.

चाकावरून एका झटक्यात ओळखू येणारी गाडी हवी असेल तर होंडाची एक्सएल २५०एस आणि एक्सएल ५००एस. पुढे चक्क २३ इंची चाक! एक्झॉस्टच्या नळ्याही हेडमधून दोन निघतात. दिसायला गाडी अशी उंच मानेने उभी असते की एकदा डोळ्यात बसली की विसरत नाही. पण घ्यायच्या आधी पुढच्या टायरची सोय काय ते बघून ठेवा, २३ चा टायर शोधताना जीव मेटाकुटीला येतो, आणि म्हणूनच कित्येकांनी तिथे २१ चं चाक बसवून टाकलंय. म्हणजे २१ दिसलं तर एस नाहीच असंही नाही. तेव्हा दोन नळ्या बघा.

नंबरांचं आता. यात सगळ्यात जास्त घोळ होतो. चेसिस नंबर हँडलच्या मानेवर आणि इंजिन नंबर क्रँककेसवर. त्या काळातल्या यामाहाला दोन्ही नंबर सारखेच असतात, त्यामुळे ते जुळले नाहीत तर इंजिन कधीतरी बदललंय. होंडाला मात्र मॉडेलच्या नावापुढे इंजिनवर एक 'ई' जास्त असतो, म्हणजे चेसिसवर एक्सएल २५० आणि इंजिनवर एक्सएल २५०ई, आणि पुढचे आकडे फॅक्टरीतूनच जुळत नाहीत. एकाने होंडाची उत्तम गाडी केवळ 'नंबर मॅच होत नाहीत' म्हणून सोडून दिली, मला नंतर सांगितलं, तेव्हा फार हळहळ वाटली, कारण ती होंडा आहे, ते जुळणारच नव्हते.

मग वर्षाचं अक्षर. हे पाठ करून ठेवलंत तर फार कामाला येतं. यामाहाने १९७४ पासून ए, बी, सी असं सरळ चालवलं, म्हणजे डीटी २५०ए १९७४, बी १९७५, सी १९७६, डी १९७७. सुझुकीचं वेगळंच, १९७१ आर, मग जे, के, एल, एम, मग १९७६ ला ए, ७७ ला बी, ७८ ला सी, आणि १९७९ ला एकदम एन. त्यामुळे डीटीची बी आणि टीएस १८५ ची बी यांच्यात दोन वर्षांचा फरक आहे. आणि हे मॉडेलचं वर्ष बरं का, बनवल्याचं नाही. अमेरिकेत गेलेल्या गाड्यांच्या मानेवर बनवल्याचा महिना-वर्ष लिहिलेलं असतं, त्यात बऱ्याचदा आधीच्या वर्षाचा शेवटचा एखादा महिना निघतो, म्हणून कोणी खोटं बोलतंय असं नाही.

नावातली दोन अक्षरंही नीट वाचा. यामाहाची डीटी म्हणजे ट्रेल, आयटी म्हणजे एंड्युरो (रानातली लांब शर्यत), वायझेड मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची शर्यत), टीवाय ट्रायल्स (पाय न टेकता अडथळे पार करायची स्पर्धा). सुझुकीची टीएस, पीई, आरएम, आरएल याच क्रमाने. एमएक्स या अक्षरांपाशी मात्र जपून, १९७३-७४ ची यामाहा एमएक्स २५० ही रेसची मोटोक्रॉस गाडी, आणि नंतरची डीटी १७५एमएक्स ही मोनोशॉकवाली साधी ट्रेल गाडी. मोनोशॉक म्हणजे टाकीखाली लपलेला एकच शॉकअप, ही कल्पना बेल्जियमच्या ल्यूसियन टिल्कन्स यांची, यामाहाने रेसमध्ये वापरली आणि १९७७ ला डीटी २५० आणि ४०० वर आणली. मागे दोन शॉकअप आहेत की काहीच दिसत नाही, एवढ्यावरून डीटी २५० चा काळ ७७ च्या आधीचा की नंतरचा ते कळतं.

एक्सटी ५०० बद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. १९७६ चं मॉडेल, ४९९ सीसी, ८७ बाय ८४ एमएम, ऑइलची वेगळी टाकी नाही, ऑइल फ्रेमच्या नळीतच. सिरिल नव्हू यांनी १९७९ ची पहिली पॅरिस-डकार ही वाळवंटातली लांब शर्यत याच गाडीवर जिंकली, पुढच्या वर्षीही. हिची जुळी टीटी ५००, बिनइंडिकेटरची, निव्वळ रानासाठी. आणि इथे फसायला होतं, कारण टीटीला लाइट-इंडिकेटर लावून एक्सटी करता येते आणि एक्सटीचं सगळं काढून टीटी. दोन्ही बाजूंनी हे झालंय. इथे ना बॅरल काही सांगेल ना चाक, मानेवरचा नंबरच वाचायचा. नंबराच्या आसपासची जागा घासलेली, आकडे वरखाली किंवा एखादा जास्त खोल ठोकलेला वाटला तर हात जोडून परत फिरा, गाडी कितीही आवडली असली तरी.

चालवायला कोणती चांगली असं विचारतात, तर माझं मत स्पष्ट आहे. दगडाच्या चढावर हळूहळू टकटक करत जायचं असेल तर पहिली एक्सएल, तिला घाई नसते आणि उतारावर इंजिन गाडी धरून ठेवतं. टू-स्ट्रोक उतारावर तशी धरत नाही, ब्रेकवर जास्त भार येतो, पण अंगाने हलकी असल्यामुळे पडली तर एकट्याने उचलता येते, आणि ही गोष्ट रानात किती मोलाची आहे ते तिसऱ्यांदा पडल्यावर कळतं. रोज वापरायला मी टीएस १८५ घेईन, ना छोटी ना मोठी, डोकं न खाणारी.

आणि माझी ती डीटी. १७५ चे स्टिकर मी हेअर ड्रायरने गरम करून हळूहळू काढले. पॅनलवरच्या १७५ च्या खाली फिकट झालेला, कडा उन्हाने पिवळ्या पडलेला १२५ चा मूळ आकडा तसाच होता. ५६ एमएमचा पिस्टन आणला, रिंगा बसवल्या, आणि मूळ स्टिकर तसाच ठेवलाय, बदलला नाही.