दुतोंड्या मारुती, तीन रंगांत: एडिशन कुठवर आली

एचिंगची (धातूचा पत्रा रसायनाने कोरून त्यावरून कागदावर चित्र छापण्याची) प्लेट कोरून झाली, प्रूफ म्हणजे चाचणीची छाप पास झाली आणि आता छपाई सुरू आहे. बारा क्रमांकित प्रतींची एडिशन, वर दोन आर्टिस्ट प्रूफ (चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती). विषय ठरलेलाच: पुरात छातीपर्यंत बुडालेला दुतोंड्या मारुती. नाशिककरांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की गोदेला पाणी किती चढलं, ते इथे मारुतीच्या अंगावरून मोजतात.

प्लेट जस्ताची, 20 बाय 25 सेंटिमीटर. नायट्रिक ॲसिड घरात आणायचं नाही हे आधीच ठरलं होतं. जस्ताला मोरचूद आणि मीठ पुरतं. मी लिटरभर पाण्याला 75 ग्रॅम मोरचूद आणि तेवढंच मीठ घेतो. द्राक्षबागांना बोर्डो फवारतात, त्यामुळे मोरचूद इथे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. दुकानदाराने विचारलं, "बाग कुठली तुमची?" म्हटलं, रामकुंडाच्या कडेची.

द्रावणात प्लेट सोडली की काही क्षणांत तिच्यावर तांब्याचा तपकिरी गाळ चढतो. तो मऊ ब्रशने सारखा बाजूला करत राहायचं, नाहीतर कोर कुठे खोल, कुठे उथळ होते. नायट्रिकसारखा तांबडा धूर येत नाही, तरी बुडबुडे येतात, खिडकी उघडी हवी. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. धुण्याचा सोडा टाकून तांबं खाली बसवा आणि गाळ वेगळा ठेवा. मोरीतलं पाणी शेवटी कुठे जातं ते आपल्याला माहीत आहे.

प्लेटला तीन थर ठेवलेत. सगळ्यात वर मारुतीचं अंग, खाली पुराचं पाणी, आणि सगळ्यात खोल रेषा. ही व्हिस्कॉसिटीची पद्धत: शाई कुठली पातळ, कुठली घट्ट या फरकावर एकाच प्लेटवरून अनेक रंग एकदम छापायचे. पॅरिसच्या आतलिए 17 या छपाईच्या स्टुडिओत, तो चालवणाऱ्या स्टॅनली हेटर यांच्यासोबत ती घडवणाऱ्यांत आपले कृष्णा रेड्डी होते. ते मुळात शिल्पकार, त्यामुळे प्लेटकडे चित्राचा पृष्ठभाग म्हणून न बघता उठावशिल्प म्हणून बघत. पाण्याचे वळसे कोरताना त्यांचं 1963 चं 'व्हर्लपूल' हे छापचित्र डोळ्यांसमोर होतं. नक्कल जमणं शक्यच नव्हतं. पण पाणी रेषेने न काढता उंचसखल पातळ्यांनी काढायचं, एवढं तिथून उचललं.

आता शाई. आधी रेषांत निळसर काळी भरायची आणि खळ दिलेल्या मलमलीने प्लेट पुसायची. मग कडक रोलरवर शेंदरी, जवसाचं तेल घालून चांगली पातळ केलेली. हा रोलर फक्त वरच्या थराला लागतो. त्यानंतर मऊ रोलरवर गढूळ पिवळी, जवळपास तेलाशिवाय. मऊ रबर दाबाने खाली उतरतं आणि पाण्याला पिवळा देतं. मारुतीवरून जाताना मात्र घट्ट शाई पातळ शाईला चिकटतच नाही. हे जवळून बघण्यासारखं आहे: रोलर पूर्ण अंगावरून जातो आणि शेंदूर तसाच राहतो. क्रम उलटा केला तर दोन्ही रंग एकमेकांत कालवले जातात.

पिवळा रेषांत का नाही भरला? जस्तावर पिवळा पुसायला गेलं की तो हिरवट, मळकट होतो. रोलरने अलगद बसवला तर वाचतो.

खरी कसोटी बाराही प्रती सारख्या काढण्याची आहे. प्रत्येक प्रतीला सगळी शाई नव्याने चढते, आणि दुपारच्या उन्हाने शाई आपोआप पातळ होते. म्हणून तेल सोनाराच्या काट्यावर मोजतो आणि छपाई सकाळीच उरकतो. भिजवलेला कागदही या कोरड्या हवेत लगेच सुकतो, तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा लागतो. एडिशन बाराची का, याचं उत्तर एवढंच: त्यापुढे माझा हात रंग धरून ठेवेल याची खात्री नाही. इंकजेटच्या पाचशे प्रतींवर सह्या करून त्यांना 'लिमिटेड' म्हणणाऱ्यांची मर्यादा नेमकी कुठे असते, कोण जाणे.

कोणी पाहुणा 'एचिंग म्हणजे काय' विचारतो तेव्हा मी नवीकोरी नोट काढून बोट फिरवायला सांगतो. तो उठाव इंटाग्लिओचाच (कोरलेल्या रेषांतली शाई दाबाने कागदावर घेण्याची छपाई, एचिंग त्यातलंच), आणि नाशिक रोडच्या नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातायत. शेजारच्या सिक्युरिटी प्रेसला तर 1925 पासूनची परंपरा. गाव छपाईचं आहे, पण एचिंग प्रेस मात्र अंबडच्या एका वर्कशॉपमधून बनवून घ्यावी लागली.

निम्म्याहून जास्त प्रती वाळल्यात. डावीकडे पेन्सिलने क्रमांक, उजवीकडे सही. क्रमांक छापल्याच्या क्रमाने टाकलेले नाहीत, म्हणून 1/12 साठी भांडू नका. उरलेल्या निघाल्या की प्लेटवर आडवा ओरखडा मारून ती रद्द करणार.

एक विचारायचं होतं. माझा मऊ रोलर 25 शोअरचा (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप, आकडा कमी तितकं मऊ) आहे आणि सगळ्यात अरुंद वळशांत पिवळा नीट पोचत नाही. त्याहून मऊ रबर कोणी चढवून घेतलंय का? रोलरचा व्यास 8 सेंटिमीटरच्या खाली येऊन चालणार नाही, नाहीतर एका फेऱ्यात प्लेट पूर्ण होत नाही आणि मध्ये जोड दिसतो.