पश्चिमेची भिंत

माझ्या कपाटात एक निळी फाईल आहे. वर मार्करने 'ओल' एवढंच लिहिलंय. आत पाच अर्ज, प्रत्येकावर पोच, कोटेशनांच्या झेरॉक्स आणि भिंतीचे तारखांसकट फोटो. जुलै २०२३ ते मे २०२४. एवढ्या कागदांत लोक सातबारा नावावर करून घेतात. मी बाहुल्या वाचवत होते.

'बाहुल्या' हा सासूबाईंचा शब्द. मी फिगर्स म्हणते. जपानी ॲनिमेमधल्या, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांमधल्या, बहुतेक पीव्हीसीच्या, थोड्या एबीएस या कडक प्लास्टिकच्या. चार गनप्ला, म्हणजे घरी बसून जोडायचे बांडाई या जपानी कंपनीचे रोबो. आणि सगळ्यात खालच्या फळीवर अकरा मावळे. हे कुंभारवाड्यातले, माझ्या लहानपणच्या दिवाळीतल्या किल्ल्यावरचे. बाबा दर वर्षी एक-दोन नवे आणायचे आणि किल्ला मोडला की सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे. एकाची तलवार मोडलीय, एकाचं पागोटं मी आईच्या नेलपॉलिशने लाल केलंय. कपाटातलं बाकी काहीही पैसे टाकले तर पुन्हा मिळेल.

आम्ही धायरीत राहतो, सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवलं होतं, कारण एवढंच की प्लग तिथे होता आणि मला आत एलईडीची पट्टी लावायची होती. पुण्यात पश्चिमेची भिंत म्हणजे काय, हे एका वर्षात कळलं. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनपासून ऊन तिच्यावर, रात्री दहाला हात लावला तरी कोमट. आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून सरी येतात त्याही तिच्यावरच आपटतात. मुंबईकरांचं एक बरं असतं, त्यांची हवा बारमाही दमट. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते आणि जुलैत ऐंशीच्या वर जाऊन बसते. त्यामुळे मुंबईच्या मैत्रिणीचा सल्ला इथे अर्धाच चालतो.

उन्हाळ्याचं उरकून टाकते, कारण ते सुटलं. मे महिन्यात धूळ पुसताना एका फिगरच्या हाताला फडकं चिकटलं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. उष्णतेने ते हळूहळू वर येतं आणि कपाट घट्ट बंद असलं की तिथेच थर धरतं. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश, मग सावलीत वाळवायचं. सॅनिटायझरने पुसू नका. माझ्या एकीची भुवई गेलीय त्यात. दुसरी एका पायावर उभी होती, ती मेअखेर लोटांगण घालायच्या बेतात आली. तिचा घोटा गरम पाण्यात (उकळत्या नव्हे, आधण यायच्या बरंच आधी गॅस बंद केला होता) मिनिटभर धरला, सरळ केला आणि तसाच गार पाण्यात बुडवला. आता पाठीला ॲक्रिलिकच्या काडीचा टेकू आहे.

त्या वर्षी पाऊस आला जूनच्या शेवटी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कपाट उघडलं तर माळ्यावरच्या गादीचा वास. मागच्या प्लायवर राखाडी ठिपके, जपून ठेवलेल्या खोक्यांच्या कडा फुगलेल्या, आणि तीन मावळ्यांच्या अंगावर पांढरी पूड. एकाला बोट लावलं तर अंगरख्याचा रंग पापुद्र्यासारखा बोटावर आला. कपाट पुढे ओढलं. छताच्या खाली वीतभर अंतरावर एक आडवी रेघ, आणि तिथून कमरेपर्यंत उतरलेला नकाशासारखा डाग. पोपडे सुटलेले.

सोसायटीच्या ऑफिसात मॅनेजरने विचारलं, "ओल कुठंय मॅडम?"

"बेडरूममध्ये. कपाटामागे."

"कपाटात काय असतं?"

इथे मी खरं सांगितलं. वर फोनमधला फोटोही दाखवला. त्याने फोटो बघितला, मग मला बघितलं. "साहेबांना पाठवा ना एकदा."

फ्लॅटच्या करारनाम्यावर पहिलं नाव माझं आहे. तेही सांगितलं. "बरं, मग अर्ज द्या."

दिला. उत्तर तोंडी आलं: पावसात वॉटरप्रूफिंग होत नाही. हे खरंच आहे, ओल्या भिंतीवर काही धरत नाही, म्हणून गप्प बसले. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत ठेवू म्हणाले. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमच्याकडे ती शेवटच्या रविवारी होते. त्या वर्षी घरोघरी गणपती बसलेले, निम्मी माणसं आरतीला पळायच्या घाईत. दोन तास पार्किंग, पाऊण तास भटकी कुत्री, आणि 'आयत्या वेळचे विषय' यात माझी भिंत. "नोंद घेतली आहे," अध्यक्ष म्हणाले. कुठे घेतली ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.

ऑक्टोबरात पुन्हा गेले. या वेळी सेक्रेटरी काका स्वतः वर आले. चहा घेतला, भिंतीवरून तळहात फिरवला.

"आता तर ओल नाहीये."

"काका, पाऊस नाहीये म्हणून ओल नाहीये."

"तेच म्हणतोय मी. मग कमिटीला दाखवणार काय?"

म्हणजे ओल असते तेव्हा काम होत नाही, आणि काम होतं तेव्हा ओल नसते. हे मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि दुसरं बिस्किट घेतलं.

नशिबाने जुलैतले फोटो फोनमध्ये होते. तुमच्याकडे डाग दिसला तर त्याच दिवशी त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा, भिंतीवरच. आठ दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला की दुसरी रेघ. माझ्या भिंतीवर अशा तीन रेघा होत्या. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "घरात लहान मूल आहे वाटतं."

डिसेंबरात तीन कोटेशन मागवायचं ठरलं. एक जण आलाच नाही. एकाने अख्ख्या बिल्डिंगचं दिलं. तिसऱ्याने खाली गेटपाशी उभं राहून मान वर केली आणि आकडा सांगितला. जानेवारीत नवीनच निघालं: ओल घराच्या आतून दिसते, म्हणून खर्च मेंबरचा. मग मी सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी काढून वाचले. गच्ची, पॅरापेट आणि पावसाच्या पाण्याची गळती, ही दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची, असं त्यात सरळ लिहिलंय. ते पान झेरॉक्स केलं, ओळ पिवळी केली आणि चौथ्या अर्जाला टाचलं. तोंडी बोलू नका, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि सही घेऊनच खाली उतरा. शिक्का सापडत नाही म्हणाले तर तिथेच खुर्ची ओढून बसा. मला चाळीस मिनिटं लागली, सापडला.

मार्चमध्ये कळलं की वर्षअखेर असल्यामुळे खर्च धरता येत नाही.

शेवटी ते हललं ते माझ्यामुळे नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सहाव्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या, त्यांना रेघा दिसल्या होत्या. एप्रिलमध्ये लग्नाला नेसायची म्हणून त्यांनी पैठणी काढली. त्यांचं कपाटही त्याच भिंतीला, बरोब्बर माझ्याखाली. जर काळी पडलेली, पदरावर ठिपके. त्या साडी घेऊन थेट सेक्रेटरी काकांच्या घरी गेल्या आणि डायनिंग टेबलावर पसरली. पाचवा अर्ज आम्ही दोघींच्या सहीने दिला, त्यात 'शोभेच्या वस्तू' हा शब्द नव्हता. दहा दिवसांत ठराव झाला. मला आनंद व्हायला हवा होता. मी दोन दिवस धुमसत होते.

मेच्या मध्यावर झुल्यावरून दोन पोरं उतरली. काम दोन दिवसांचं निघालं. दोन दिवस! काँक्रीटची तुळई आणि खालची विटांची भिंत यांच्या सांध्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग होती. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी फुगत नाहीत, आणि गिलाव्याखाली जाळी मारलेली नसली की सांधा उघडतो. म्हणजे एप्रिलचं ऊन भेग रुंदावत होतं आणि जुलैचा पाऊस तिच्यातून आत येत होता. शिवाय आधीच्या मालकाच्या डिश अँटेनाची चार बोल्टची भोकं, तीही उघडी. झुल्यावरच्या पोराने मला खिडकीतून हाक मारून भेगेत अख्खी पट्टी घालून दाखवली. तो फोटो फाईलमध्ये सगळ्यात वर आहे.

आता एक कबुली. हे सगळं चालू असताना कपाट कुठे होतं? मार्चपर्यंत तिथेच, भिंतीपासून फूटभर पुढे ओढलेलं. नवरा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "अगं, हॉलकडच्या भिंतीला लाव की." पण मग ऑफिसात म्हणाले असते, प्रश्न मिटला ना! हेका माझा, त्यात आणखी दोन मावळ्यांचा रंग गेला. तेव्हा कपाट आधी हलवा आणि मग भांडा. बाहेरच्या हवेला न लागणारी, दोन खोल्यांमधली भिंत बघा, आणि तिथेही चार बोटं जागा सोडा.

हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर घ्या, पण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात लापशीइतपत घट्ट राहील एवढंच पाणी, आणि हे झाकण मीटरबरोबर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर. सकाळी आकडा ७५ यायला हवा. माझा ६८ दाखवत होता. म्हणजे पावसाळाभर मी '६५ आहे, चालतंय' म्हणत होते तेव्हा आत ७२ होतं, आणि सत्तरच्या पुढे बुरशीला आयतंच. आता मीटरवर सातचा कागद चिकटवलाय. मी ४५ ते ५५ च्या मध्ये ठेवते.

सिलिका जेल नारिंगी घ्या, ओलावा प्यायलं की हिरवं होतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते मी घरात आणत नाही. हिरवं झालेलं ओटीजीत १२० डिग्रीला दोन तास ठेवलं की परत नारिंगी. मात्र कपाटाला फटी असतील तर जेल बिचारं अख्ख्या धायरीची हवा सुकवत बसतं. दारांना रबराची पट्टी लावा.

पण घट्ट बंद ठेवलं की प्लास्टिसायझर साचतं, हे वर सांगितलंच. म्हणून माझं सरळ आहे: मार्च ते मे दार बोटभर उघडं, जून ते सप्टेंबर बंद आणि आत जेल. उन्हाळ्यात धूळ बसते, बसू दे. पुसता येते.

डांबराच्या गोळ्या! हे आधीच सांगायला हवं होतं. वास येतोय म्हणून सासूबाईंनी प्रेमाने चार गोळ्या आत टाकल्या होत्या. त्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात, पॉलिस्टायरीन तर नक्कीच, आणि गनप्ला बहुतांशी त्याचेच. कापूरही नको, सेल्युलॉइड हे जुनं प्लास्टिक लवचीक करायला पूर्वी तोच घालायचे. मी हे समजावल्यावर आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) म्हणाल्या, "मग कडुनिंबाचा पाला?" तो राहू दिला. त्याचा फायदा काही नाही, पण माझं त्यावर भांडण नाही.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, घेतलाच तर कॉम्प्रेसरवाला. कॉम्प्रेसर नसलेल्या छोट्या, पेल्टियरवाल्याच्या वाटीत दिवसभरात जेमतेम कपभर पाणी जमतं. मोठा आणला त्या दिवशी टाकीत तीन लिटर जमलं आणि मी शेजारणीला दाखवायला नेलं. दुसऱ्या दिवशीही तीन. हवेत एवढं पाणी येतं कुठून? वळून बघितलं तर स्टँडवर आईंच्या नऊवारी आणि आमच्या जीन्स वाळत होत्या. पावसाळ्यात कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, एवढ्यानेच माझा निम्मा प्रश्न सुटला.

मावळ्यांना पाणी लावता येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने पूड झाडली, ते आता स्वतंत्र हवाबंद डब्यात जेलसोबत असतात. गेलेला रंग मी परत दिलेला नाही. लाल पागोटं शाबूत आहे. नेलपॉलिशला काही झालं नाही.

२५ जुलै २०२४ ला पुण्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांना आठवत असेल. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि इथून जवळच एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं. अशा दिवशी आपण भिंत चाचपत उभे आहोत याची लाज वाटली, तरी मी चाचपली. कोरडी होती. दुपारी एकदा, चारला एकदा, रात्री टॉर्च लावून एकदा.

आतून रंग अजून काढलेला नाही. पेन्सिलच्या तीन रेघा तशाच आहेत. आई म्हणतात, पुसून टाक, बरं दिसत नाही. म्हटलं, अजून एक पावसाळा जाऊ दे.