मुंग्या

दोराने बांधण्याचा आमचा खेळ (रोप बाँडेज) संपला, निखिलचे दोर सोडून गुंडाळत होते तेव्हा निखिल सहज बोलून गेला, "मधे हाताला मुंग्या आल्या होत्या. पण तू इतकी रंगली होतीस, म्हटलं कशाला थांबवा." आणि तो पाणी प्यायला गेला. त्याच्या लेखी विषय संपला. माझी झोप उडाली.

हात ठीक आहे. मनगट वर उचलायला लावलं, बोटं फाकायला लावली, सगळं जिथल्या तिथे. कूस बदलताना दंडावरचा वेढा सरकला असणार. पण मला खुपतंय ते त्याचं गप्प बसणं.

या गाठींमध्ये मी जीव ओतलाय. नागदेवी स्ट्रीटवरून ६ मिमीचा तागाचा दोर आणला, कुसळं गॅसवर जाळली, तेलाचा हात फिरवला. पावसाळ्यात बुरशी नको म्हणून दांडीवर वाळत घातला, तर शेजारच्या काकू विचारतात, झोपाळा बांधताय का? त्यांचं काय करायचं ते नंतर बघू.

सिंगल कॉलम, म्हणजे एकच हात किंवा पाय बांधायची गाठ, मी स्वतःच्या मांडीवर घोटून घोटून शिकले. दुहेरी दोराचे वेढे शेजारी शेजारी, एकावर एक चढू द्यायचे नाहीत. दुमड सगळ्या वेढ्यांखालून काढायची, मग रीफ नॉट : उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की ग्रॅनी नॉट होते. ती सरकते, नाहीतर अशी बसते की सुटता सुटत नाही. रीफसुद्धा आडव्या ओढीने उलटू शकते, म्हणून ताण येणार असेल तिथे मी सॉमरव्हिल बोलाइन ही ओढीला टिकणारी गाठ घालते. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सरकता फास बांधायला सोपा, पण ओढ बसली की मनगटात रुतत जातो. तो आमच्याकडे बंद. गळ्याला दोर नाही. बोथट टोकाची कात्री कायम हाताशी.

एवढं सगळं केलं, आणि ज्याच्यासाठी केलं तो सांगतच नाही. दंडाच्या बाहेरच्या बाजूला रेडियल नर्व्ह हाडाला लागून जाते. ती दबली तर मनगट लुळं पडू शकतं, कधी कधी कित्येक आठवडे. दर वेळी आधी दुखतंच असंही नाही. मुंग्या हाच इशारा, आणि याने तो गिळून टाकला. माझ्यावर भरवसा नाही म्हणून? की माझा आनंद मोडू नये म्हणून हात पणाला लावला? दुसरं असेल तर मला जास्त लागेल.

पण हा माणूस बोरिवली ते चर्चगेट हँडलला लटकून जातो, हात बधिर झाला तरी बाजूच्याला जरा सरका म्हणत नाही. अंगात ताप असताना ऑफिसला गेला होता. त्याच्या आईचंही तसंच, पण ते जाऊ दे. असा माणूस "लाल" (थांबायचा आमचा ठरलेला शब्द) म्हणेल या आशेवर मी बसले होते. "ठीक आहेस ना?" विचारलं की तो "हो"च म्हणणार.

तर आता विचारायचंच नाही. अंगठा वर कर, माझं बोट दाब, मनगट उचल. गाठ पडल्या पडल्या एकदा, मग मधे मधे. जोर कमी वाटला की दोर सुटला, त्याचं मत काहीही असो.

शनिवारी तो मला बांधणार आहे. सिंगल कॉलम त्याचा अजून कच्चा आहे, उद्यापासून रोज माझ्यासमोर घोटायला लावते. आणि मुंग्या आल्या तर मी तरी सांगेन का, हे मला आज छातीठोकपणे लिहिता येत नाहीये.