बॅगा किती, आणि उचलणार कोण? : नॉर्वेच्या आठ दिवसांचा वृत्तांत

गेली दहा-बारा वर्षं विमानापासून हॉटेलपर्यंत सगळं मी स्वतः बुक करते, आणि त्याचा मला जरा माजही होता. ट्रॅव्हल एजंट म्हणजे ज्यांना वेबसाइट हाताळता येत नाही त्यांची सोय, असं माझं ठाम मत. या जूनमध्ये आई-बाबांना घेऊन नॉर्वेला जाऊन आले आणि ते मत निम्मं बदललं. निम्मंच का, ते पुढे येईल.

आई ७४ वर्षांची, गुडघे अधू. बाबा ७८, ठणठणीत, फक्त ऐकू कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण ते बहुतेक वेळ खिशात असतं. बेत असा: ऑस्लोत दोन रात्री, मग रेल्वेने मिर्दाल, तिथून डोंगरी गाडीने खाली फ्लॉम, तिथे दोन रात्री, पुढे बोटीने गुडवांगेन, बसने व्हॉस, परत रेल्वेने बर्गन आणि बर्गनला तीन रात्री. हा मार्ग जगभरातले लोक करतात, त्यामुळे माहितीला तोटा नाही. तोटा नाही हीच अडचण.

आधी मी चॅटबॉटला विचारलं. दोन मिनिटांत देखणा कार्यक्रम आला. त्यात फ्लॉम आणि गेरांगर एकाच दिवशी होते. नकाशावर दोन्ही बोटभर अंतरावर दिसतात. रस्त्याने ते पाच-सहा तासांचं प्रकरण आहे आणि मध्ये फेरीबोटही लागते. ते माझं मलाच कळलं. जे कळलं नाही ते विमानाच्या तिकिटात होतं. सगळ्यात स्वस्त पर्याय लंडनमार्गे होता: हीथ्रोला उतरायचं, पाच तासांनी गॅटविक या लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून ऑस्लोचं विमान. दोन वेगळी तिकिटं. पाच तास म्हणजे भरपूर, असं वाटून मी पैसे भरणारच होते, तेवढ्यात मावसबहिणीने हट्ट धरला की काका-मावशी बरोबर आहेत, एकदा एजंटला दाखव.

एजंटबाई या धंद्यात हाताने तिकीट लिहायच्या काळापासून. (विमानाचं कागदी तिकीट १ जून २००८ पासून बंद झालं, त्यांच्या खणात एक कोरं पुस्तक अजून आहे.) मी माझी फाइल पुढे सरकवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. पहिला प्रश्न, "बॅगा किती आहेत?"

"तीन मोठ्या, तीन छोट्या."

"आणि उचलणार कोण?"

मी गप्प. मग त्यांनी आईकडे वळून विचारलं, "काकू, जिना चढता येतो का? की जिना जमतो, फक्त लांब चालवत नाही?" मला वाटलं, गप्पा चालल्यात. नव्हत्या. विमान कंपन्यांकडे व्हीलचेअर नोंदवायचे वेगवेगळे कोड असतात. लांब चालवत नाही पण पायऱ्या जमतात त्याला डब्ल्यूसीएचआर, पायऱ्याही जमत नाहीत त्याला डब्ल्यूसीएचएस, आणि अजिबात चालता येत नाही त्याला डब्ल्यूसीएचसी. नुसतं 'व्हीलचेअर हवी' एवढंच सांगितलं की बहुधा पहिला कोड पडतो, आणि मग शिडीने विमानात चढायची वेळ आली की खुर्ची शिडीखालीच राहते. आईला सपाटीवर चालता येतं, पायऱ्या नाहीत. वेबसाइटवर मी पहिल्याच खुणेवर टिक केली असती.

मग फाइल उघडली. लंडनवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे तुम्ही विमानतळाच्या बाहेर पडणार. बॅगा घेणार, साठ-पासष्ट किलोमीटर रस्त्याने जाणार, परत चेक-इन करणार. म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश झाला. नॉर्वेसाठी काढलेला शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक, व्हिसा त्याला पुरत नाही." शिवाय तिकिटं वेगळी असल्याने पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नाही. ती म्हणणार, तुम्ही आला नाहीत, नो-शो. एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरमध्ये दोन्ही विमानं असतील तर मात्र चुकलेल्या जोडणीची जबाबदारी विमान कंपनीची. हे मला अर्धवट माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि 'सर्वात स्वस्त' या हिरव्या पट्टीसमोर ते आठवणं वेगळं.

पैशांचं मी सरळ विचारलं: तुम्हाला यातून मिळतं काय? त्यांनीही सरळ सांगितलं. विमानाच्या तिकिटावर पूर्वी कमिशनवर घर चालायचं. १९९५ मध्ये अमेरिकेत डेल्टाने त्यावर मर्यादा घातली, बाकीच्या कंपन्या मागोमाग गेल्या, २००२ पर्यंत तिथलं मूळ कमिशन शून्यावर आलं आणि ते वारं सगळीकडे पोचलं. त्याच सुमारास लोक घरबसल्या तिकिटं काढायला लागले. पुष्कळ दुकानं बंद झाली. जे उरले ते आता सल्ल्याची फी घेतात. हॉटेल, क्रूझ, सहली यांवर मात्र कमिशन अजून मिळतं. हे शेवटचं वाक्य मी मनात टिपून ठेवलं, ते बर्गनला कामी आलं.

ऑस्लोबद्दल फारसं लिहीत नाही. दोन दिवस आईचे पाय ताळ्यावर यायला गेले. खरी मजा तिसऱ्या दिवशी. ऑस्लो–बर्गन हा रेल्वेमार्ग पठारावरून जातो, फिन्से हे त्यावरचं सगळ्यात उंच स्टेशन, १,२२२ मीटर. जूनमध्येही रुळांच्या कडेला बर्फ होता. मिर्दाल त्याहून खाली, ८६७ मीटरवर, आणि तिथून फ्लॉमची गाडी सुटते: २० किलोमीटर, २० बोगदे, तासाभरात थेट समुद्रसपाटीला. वाटेत क्योसफॉस धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते. तुषार फलाटापर्यंत येतात. खडकावर लाल कपड्यातली एक बाई नाचताना दिसते, लोककथेतली यक्षिणी म्हणून उन्हाळ्यात तिथे कलाकार उभे करतात. बाबांनी मशीन खिशातून काढून कानात घातलं. धबधबा ऐकायला. पूर्ण प्रवासात स्वतःहून घातलेलं तेवढंच.

पण मला सांगायचं आहे ते मिर्दालच्या फलाटाबद्दल. लोक भराभर उतरतात, भराभर दुसऱ्या गाडीत चढतात, आणि प्रत्येकाच्या हातात ट्रॉली बॅग. एक कुटुंब चार मोठ्या बॅगा दारातून आत ढकलत होतं; आजोबा खाली, सून वर, मध्ये बॅग अडकलेली, मागे रांग. आमच्या पाठीवर तीन छोट्या सॅक. मोठ्या बॅगा सकाळी ऑस्लोच्या हॉटेलातून उचलल्या गेल्या होत्या आणि बर्गनच्या हॉटेलात आमची वाट पाहत होत्या. अशी सामान पोचवायची सेवा या मार्गावर विकत मिळते आणि ती कुणालाही ऑनलाइन घेता येते. गुपित काही नाही. फक्त 'उचलणार कोण' हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि न सुचलेला प्रश्न सर्चमध्ये टाइप करता येत नाही. मधल्या दोन दिवसांचे कपडे आणि सगळी औषधं सॅकमध्ये ठेवा. औषधं कधीही मोठ्या बॅगेत नकोत.

फ्लॉम ते गुडवांगेन बोट साधारण दोन तासांची. नेरॉय फ्योर्ड (उंच डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) सगळ्यात अरुंद जागी जेमतेम २५० मीटर रुंद आहे; २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. डेकवर वारा बोचतो, टोपी हवीच. आई आत काचेपाशी बसली आणि तिला तितकंच दिसलं.

आता तक्रारी. बर्गनच्या हॉटेलला लिफ्ट आहे असं बाईंनी सांगितलं होतं. होती. पण रस्त्यावरून लिफ्टपर्यंत पोचायला दगडी पायऱ्या होत्या, एकूण अकरा, कठडा एकाच बाजूला. तीन दिवस आई त्या एकेक करून चढली. दुसरं, बर्गन दर्शनाची अर्ध्या दिवसाची बस त्यांनी गळ्यात मारली. ब्रिगनची जुनी लाकडी घरं, मासळीबाजार आणि फ्लोयेन टेकडीवर जाणारी केबल रेल्वे ही सगळी चालण्याच्या टप्प्यात आहेत. १९१८ पासून चालणारी ती गाडी तुम्हाला समुद्रसपाटीपासून ३२० मीटर उंचीवर नेऊन सोडते. बसने आम्हाला बहुतेक पावसाने भिजलेल्या काचा दाखवल्या. कमिशन मिळतं का, असं मी मेसेजवर विचारलं. "मिळतं," उत्तर आलं. "पण काकूंना चालायला लागू नये म्हणूनही दिली." दोन्ही खरं असावं.

शेवटच्या रात्री साडेदहाला फोन वाजला: दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान रद्द, मधल्या विमानतळावर दाट धुकं. पाठोपाठ ॲपने नवा बेत पाठवला. आई-बाबा दुपारच्या विमानाने, जोडणीला ५० मिनिटं. मी संध्याकाळी, वेगळ्या शहरामार्गे. खाली मोठं बटण: 'स्वीकारा'. कस्टमर केअरचा चॅटबॉट माझा प्रश्न समजला नाही असं तीन वेळा म्हणाला. बाबा शांतपणे म्हणाले, "आम्ही जाऊ की." आई काहीच बोलली नाही.

घरी तेव्हा मध्यरात्र उलटली होती. बाईंनी दिलेल्या रात्रीच्या नंबरावर मी मेसेज टाकला. बारा मिनिटांनी त्यांचाच फोन आला, आवाज झोपेतला. "काही दाबलं नाहीत ना? दाबू नका." एकदा तो पर्याय स्वीकारला की विमान कंपनी पुढचा बदल फुकट करून देईलच असं नाही. पाऊण तासाने तिघांची एकत्र जागा झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी, तिसऱ्याच शहरामार्गे, जोडणीला दोन तास वीस मिनिटं. मग त्यांनी मला दोन गोष्टी तपासायला लावल्या. एक, नव्या प्रवासावर १३ आकडी तिकीट नंबर आला आहे का. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे नुसती जागा धरलेली. तिकीट रिइश्यू झालेलं नसेल तर काउंटरवर अडवतात. दोन, व्हीलचेअरची नोंद. विमान बदललं की ती आपोआप पुढे जाईलच याची खात्री नसते. आमची गेली नव्हती. त्यांनी परत घातली.

युरोपियन नियम, २६१/२००४, नॉर्वेलाही लागू आहे. विमान रद्द झालं की दुसरी सोय किंवा पैसे परत, आणि खोळंब्यात जेवण, गरज असेल तर हॉटेल, हे कंपनीने द्यायचंच. अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरोची भरपाई मात्र हवामानासारख्या कारणांत मिळत नाही, म्हणून आम्हाला मिळाली नाही. खोळंब्यातल्या जेवणाचे पैसे पावत्या दाखवून मिळाले. पावत्यांचे फोटो तिथल्या तिथे काढा, कागदावरची छपाई लवकर उडते.

इथेच माझं निम्मं मत शिल्लक आहे. तिकीट एजंटकडून काढलेलं असेल तर विमान कंपनीचा काउंटर पुष्कळदा हात वर करतो: तुमच्या एजंटला विचारा. एजंटने रात्री फोन उचलला तर तुमच्यासारखे सुखी तुम्हीच. नाही उचलला तर थेट कंपनीकडून तिकीट काढणाऱ्यापेक्षा तुमची अवस्था वाईट. आणि स्वस्त तिकिटांच्या वेबसाइट्सही एजंटच आहेत, फक्त आत माणूस नाही. त्यामुळे फी ठरवण्याआधी माझा प्रश्न आता हाच असतो की रात्री दोन वाजता कोण उचलेल, तुम्ही की कॉल सेंटर. पुढे: पैसे कुणाच्या नावावर जातात, हॉटेलला कधी पोचतात, तुम्ही बुडालात तर माझं काय. हा प्रश्न उद्धट नाही. १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० जणांना रेल्वेने नेऊन थॉमस कुकने जो धंदा उभा केला, तो ब्रिटनमध्ये २३ सप्टेंबर २०१९ ला कोसळला तेव्हा जवळपास दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते, आणि त्यांना परत आणायला तिथल्या विमान प्राधिकरणाला विमानं भाड्याने घ्यावी लागली.

एकट्याने, थेट विमानाने, एका शहरात तीन रात्री जायचं असेल तर मी अजूनही कुणाला फी देणार नाही. म्हातारी माणसं, लहान मूल, तीनपेक्षा जास्त जोडण्या किंवा दोन व्हिसा यांतलं काहीही असेल तर देईन. आणि जाताना आपली खरी माहिती द्या. आम्ही आईचे गुडघे सांगितले. बाबांचे कान सांगितले नाहीत, आणि परतीच्या विमानतळावर गेट बदलल्याची घोषणा त्यांना ऐकू आली नाही. मी पाणी आणायला गेले होते. पळापळ झाली, विमान मिळालं.

परत आल्यावर बाईंकडे गेले, बस-सहलीवरून थोडी कुरकुर केली. त्यांनी ऐकून घेतलं, मग जाड वही काढली, बर्गनचं पान उघडलं. "पायऱ्या किती म्हणालात? लिफ्टच्या आधी?"

"अकरा. कठडा डावीकडे."

"चढताना डावीकडे की उतरताना?"

मला आठवेना. त्यांनी आईला फोन लावला.